दिवा वाढला

चार ओळींची कविता, पण तिनं इनुस मास्तरांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

वारा आला, दिवा विझला,
काळोख भरला घरी;
आई म्हणाली, भिऊ नको रे,
हात माझा तू धरी.

भीमेकाठच्या त्या वस्तीशाळेत दुसरीची सगळी पोरं ती घडाघडा म्हणत. एकटी धुरपदा ‘दिवा’ म्हणाली की ओठ घट्ट मिटून घेई. मास्तरांनी गोंजारलं, दटावलं, काल तर हातावर छडीसुद्धा दिली. पोरगी रडली, पण पुढचा शब्द काही तोंडातून काढला नाही. आणि आज दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते.

मास्तरांची नोकरी अजून कच्ची. मागच्या तपासणीत शेरा पडला होता, ‘मुलांना कविता कळत नाही.’ तसाच दुसरा पडला की गाशा गुंडाळून शिरूरला परत. तिथं म्हातारी आई सुगराबी त्यांच्याच पगारावर होती.

शाळा भरायच्या आधीच धुरपदाची आजी सोजराबाई दारात येऊन उभी राहिली.

“गुरुजी, पोरीला मारलं म्हनं?”

“आजी, साहेब यायचेत. एका शब्दासाठी अडून बसली ती.”

“म्याच दटावलंय तिला. तिचा बाप तिकडं चीनच्या लढाईत हाय. महिना झाला, पत्र न्हाई. देवाम्होरचा दिवा म्या डोळ्यात तेल घालून जपती, आन् तुमी पोरीला इझला म्हनाया लावता व्हय?”

“पुस्तकात तसंच छापलंय, आजी.”

“पुस्तकाचा बाप गेलाय का लढाईला?” म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत चालती झाली.

मास्तर खांबाला टेकून उभे राहिले. लहानपणी त्यांनी एकदा “दिया बुझा” म्हटलं होतं, तेव्हा आईनं तोंडावर चापट मारली होती. “बुझा नक्को बोल, बढा बोल!” विझला म्हणणं अशुभ, म्हणून दिवा ‘वाढला’ म्हणायचं. हे आपल्याला काल छडी उचलताना कसं आठवलं नाही? त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून भीती काही कमी झाली नाही. त्यांनी धुरपदाला शेवटच्या रांगेत, दांडगट ज्ञानूच्या पाठीमागं बसवलं.

साहेबांनी आल्या आल्या नेमकं तिकडंच बोट केलं. “ती मागं लपलेली. ऊठ, कविता म्हण.”

“वारा आला, दिवा...”

“पुढं?”

धुरपदानं ओठ मिटून घेतले. पोरं कुजबुजायला लागली तसे साहेब गरजले, “कोणी सांगायचं नाही! मास्तर, तुम्ही म्हणा. ती तुमच्यामागून म्हणेल.”

धुरपदा मास्तरांकडं बघत राहिली. मास्तरांनी मनाशी म्हटलं, एकच तर शब्द. म्हटला की सुटलो. त्या शब्दानं कुणाचं काही होत नसतं, हे ते ट्रेनिंग कॉलेजात शिकून आले होते.

“वारा आला,” मास्तर म्हणाले, “दिवा... वाढला.”

साहेबांनी पुस्तकात पाहिलं. “वाढला? इथं विझला आहे. तुमचीच कविता पाठ नाही?”

मास्तरांच्या आधी धुरपदाच बोलली.

“गुरुजी चुकलं न्हाईत, सायेब. त्याला तसंच म्हंत्यात. आन् वाढला म्हनलं तरी काळोख हुतोच. मग लेकरू भितं. आई काय दिवा लावीत न्हाई, नुसता हात देती. माजी आईबी तसंच करती. तिचाच हात कापत असतो, तरी देती.”

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि शेरा लिहिला: ‘मुलांना कविता कळते. शिक्षकास पाठ नाही.’ निघताना म्हणाले, “नोकरी राहील. पण आणखी वर्षभर कच्चीच.”

शाळा सुटली. पोरं पांगली तरी धुरपदा पायरीवर उभीच होती.

“पत्र आलं का गं?” मास्तरांनी विचारलं.

“न्हाई.”

मास्तरांनी हात पुढं केला. तिनंही केला. कालच्या छडीचा वळ अजून तळव्यावर होता. मास्तरांनी तो हात अलगद धरला आणि दोघं सोजराबाईच्या घराकडं चालू लागली.