थांबणारा खोका

मित्रांनो, मला पाहून कुणीही म्हणेल, हा तर पंख्याचा रिकामा खोका. खोटे नाही ते. माझ्या अंगावर पंख्याचे पुसट चित्र अजून आहे. पण काही दिवस मी यंत्र होतो, आणि तेही बऱ्यापैकी हुशार यंत्र. हसू नका, सांगतो.

पंखा बाहेर निघाला आणि मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाराआड पडून राहिलो. माणसे यंत्रे कशी वापरतात, कुठे अडतात, याचा तिथे अभ्यास चाले. प्रकल्पाचे दिवस आले, तशा भिंतीवर मुलांच्या कल्पनांच्या रंगीत चिठ्ठ्या लागल्या. टाळी वाजवली की लागणारा दिवा, चेहरा बघून गाणे निवडणारा आरसा, काय वाटेल ते. सरांनी सगळ्या वाचल्या आणि चष्मा पुसत विचारले, "कल्पना झकास आहेत. पण वापरणार कोण? एक तरी माणूस दाखवा मला."

एक उंच मुलगी म्हणाली, "माझी मावशी आहे, सर."

ही मावशी एकटी राहायची. आजारपणानंतर तिचे बोलणे अडखळू लागले होते. शब्द मनात असायचा, ओठांवर यायला वेळ लागायचा. फोनचे बारीक आकडेही दिसत नसत. परगावच्या मुलाने बजावले होते, की अडचणीला हाक मारता येत नसेल तर घर बंद करायचे आणि त्याच्याकडे राहायला यायचे. मावशीचा मुलावर फार जीव. पण आपले घर आणि आपली खिडकी सोडायला तिचे मन तयार होत नव्हते. म्हणून भाचीला असे यंत्र करायचे होते, की मावशीने नुसते सांगावे आणि यंत्राने फोन लावावा.

खरे यंत्र बनवण्याआधी खोटे करून पाहायचे, ही तिथली रीत. त्या रीतीमुळे माझे नशीब उघडले. भाचीने माझ्या पोटाला चौकोनी खिडकी पाडली, पाठीला फट ठेवली. मावशीच्या घरी मला टेबलावर बसवले, मागे चादर टांगली आणि चादरीआड आपल्या मैत्रिणीला बसवले. मावशी जे बोलेल ते मैत्रिणीने ऐकायचे आणि ठळक अक्षरांचा योग्य तो कागद फटीतून खिडकीत सरकवायचा. 'कुणाला फोन लावू?' किंवा 'मुलाला लावत आहे'. थोडक्यात, डोके तिचे आणि ऐट माझी.

मावशी समोर बसली. "मु... मु..." म्हणाली आणि अडकली. चादरीआड मैत्रीण गांगरली, कारण अशा वेळेसाठी कागदच केलेला नव्हता. तिने हाताला लागलेल्या कपट्यावर 'ऐकत आहे' असे लिहिले आणि तो खिडकीत धरून ठेवला. मावशीने वाचले. तिचे खांदे सैल झाले. जरा वेळाने ती स्वच्छ म्हणाली, "मुलाला लाव."

मग दरवेळी तसेच जमत गेले. सरांनी पाठ थोपटली, ती अर्थात मुलींची. मला मात्र ती माझीच वाटली.

पुढे खरे यंत्र तयार झाले. काळेभोर, चकचकीत, वहीपेक्षा बारीक. माझी रवानगी कपाटावर झाली. जो येई तो माझ्यात तुटक्या तारा टाकी. मला वाईट वाटले. काम संपले की खोक्याला कोण विचारतो?

एके दिवशी मावशी स्वतः प्रयोगशाळेत आली. सोबत मुलगाही होता. मावशी यंत्रासमोर बसली. "मु..."

"समजले नाही. पुन्हा बोला," यंत्र म्हणाले.

"मु... मु..."

"समजले नाही. पुन्हा बोला."

मावशीने ओठ मिटून घेतले. मुलगा हळूच म्हणाला, "राहू दे, आई. सामान बांधू या आपण."

मावशी इकडेतिकडे बघत राहिली. तिची नजर कपाटावर गेली आणि तिने माझ्याकडे बोट केले. "तो... बरा होता."

"अगं मावशी, तो नुसता पुठ्ठा. मागे ही बसायची," मैत्रिणीकडे बोट दाखवत भाची म्हणाली.

"माहीत आहे. पाय... दिसायचे हिचे," मावशी म्हणाली. "पण... थांबायचा तो."

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. "अगं, 'ऐकत आहे'चा कपटा! आराखड्यातले सगळे कागद आपण यंत्रात घातले. तो आराखड्यात नव्हताच, म्हणून राहून गेला."

भाची मुलाला म्हणाली, "दादा, आणखी एकदा करून बघू दे."

"बघा. पण तिला दमवू नका," तो म्हणाला.

काही दिवसांनी सगळे पुन्हा जमले. मावशी "मु..." म्हणून अडली. यंत्रावर मोठ्या अक्षरांत 'ऐकत आहे' उमटले आणि तसेच राहिले. मुलगा शब्द पुरवायला पुढे झाला, तर भाचीने त्याचा हात धरला. सगळे गप्प राहिले. यंत्रही.

"मुलाला लाव," मावशी म्हणाली.

मुलाच्या खिशातला फोन वाजला. आई समोरच होती, तरी त्याने तो कानाला लावला. "बोल, आई."

"मी... माझ्या..." मावशी थांबली. या वेळी त्याचा हात कुणी धरला नव्हता. तरी तोही थांबला. "माझ्या घरीच राहते."

"राहा," तो म्हणाला.

मित्रांनो, माझा पुठ्ठा आता मऊ पडला आहे. मला रद्दीत दिलेत तरी माझी तक्रार नाही. फक्त समोरचा बोलताना अडखळला, तर त्याचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. यंत्रे बनवाल तेव्हाही हे ध्यानात ठेवा. तो कपटा अजून माझ्या खिडकीत आहे. मुलींनी तो काढला नाही.