वाक्य माझं आहे

गणवेश शिवायच्या कारखान्यात ताई कापणीच्या टेबलावर होती. कात्री अशी चालायची की जुने शिंपीही तोंडात बोट घालायचे. बोलायला गेली की मात्र जीभ अडायची. चाळिशी उलटली तरी तिची वाक्यं घरी धाकटा भाऊ पुरी करायचा आणि कारखान्यात मुकादम.

अशा बाईला नाद लागला तो एका रॉक बँडचा. चार बायका, ढणाढणा वाजवणाऱ्या.

"नुसते पत्र्यावर दगड पडतायत," भाऊ म्हणायचा. "या वयात काय बघतेस गं त्यांच्यात?"

त्याला तिनं उत्तर दिलं नाही. त्याच्या बायकोला दिलं. बँडची गायिका गाताना नाही, पण बोलताना ताईसारखीच अडायची. एका मुलाखतीत निवेदकानं मदत म्हणून तिचा शब्द पुरा केला, तशी ती म्हणाली, "थांबा, मीच संपवीन." मग तिला शब्द सापडेपर्यंत बाकीच्या तिघी स्वस्थ बसून राहिल्या. कुणी सावरायला धावलं नाही की ओशाळलं नाही.

"गाणी ब-बरी आहेत गं," ताई म्हणाली. "पण त्या ज-जशा आहेत त्याबद्दल माफी मागत नाहीत. ते आवडतं."

त्याच आठवड्यात नर्सांच्या गणवेशांचा गठ्ठा परत आला. बाह्या दोन बोटं आखूड. मालकीणबाई तडक कापणीच्या टेबलाशी आल्या.

"कुणी कापलं?"

"मी," ताई म्हणाली. "पण का... का..."

"कात्री चुकली म्हणतेय," मुकादमानं उरकून टाकलं. "जाऊ द्या बाई, गरीब गाय आहे."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांबा! वाक्य माझं आहे."

मशिनी एकेक करत थांबल्या. मुकादमानं दोनदा तोंड उघडलं, ताईनं दोनदा हात आडवा केला. मान ताठली, डोळ्यांत पाणी आलं, पण नजर काही तिनं खाली वळवली नाही.

"का-कागद," ती म्हणाली. "नमुन्याचा कागदच आखूड आहे. सोमवारी मुकादमांना सां-सांगायला गेले होते. ह्यांना ऐकायला वेळ नव्हता."

मालकीणबाईंनी टेप लावली. कागद खरंच दोन बोटं आखूड होता.

मुकादमानं माफीबिफी मागितली नाही. उलट दुसऱ्या दिवशी खुन्नस काढायला ताईला बटणं लावायला बसायला सांगितलं.

"मी क-कापणारी आहे," म्हणत ती आपल्या टेबलाशीच उभी राहिली. मालकीणबाईंनी शेजारून जाताना दुरुस्त केलेला नमुन्याचा कागद तिच्याच हातात दिला. तो विषय तिथंच मिटला.

रविवारी घरातला नळ बिघडला. प्लंबरला फोन करायला भावानं मोबाइल उचलला.

"दे इकडे," ताई म्हणाली.

तिचा शब्द अडला तसा पलीकडच्यानं दोनदा फोन कापला. तिनं तिसऱ्यांदा लावला.