उशाकडची खुर्ची

लंडनहून मनोविश्लेषण शिकून आलेल्या डॉक्टर वेणू दिघे उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, जुन्या लष्करी बराकीत दवाखाना थाटून बसल्या. जगाचे त्यांनी दोन ढीग केले होते. एक मूर्खांचा, दुसरा महामूर्खांचा. सगळ्या दुःखांवर एकच तांबडं औषध देणारा शेजारचा डॉक्टर चिंतामणी पहिल्या ढिगात. एकोणीसशे त्रेपन्नच्या भाद्रपदात बेलवलीहून आलेली राजाबाई दुसऱ्यात.

"पाच म्हैने तोंडातून शबुद नाय," राजाबाईने सुनेला, पुतळीला, पुढे ढकललं. "पोरं काय कुनाची मरत नाय? दसऱ्यापोत बोलली नाय, तर येड्यांच्या इस्पितळात टाकनार. घरात भूत कोन पोसंल?"

"भूत मला दारातच दिसतंय," वेणू म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा."

पुतळीचा सहा वर्षांचा बारकू तापाने गेला होता. वेणूंनी तिला पलंगावर निजवलं आणि शिकल्याप्रमाणे स्वतः उशाकडच्या खुर्चीवर, तिला दिसणार नाही अशा बसल्या. मनात येईल ते रोग्याने बोलायचं, यांनी ऐकायचं. पुतळी डोळे मिटून ताठ पडून राही. चार खेपा झाल्या. वेणूंनी वहीत लिहिलं, 'तीव्र प्रतिकार.'

"काय बाई, बोलला का पलंग?" चिंतामणीने दारातून विचारलं.

"तुमच्या बाटलीपेक्षा बरा बोलतो."

दसऱ्याला चार दिवस उरले. पाचव्या खेपेला पुतळी पलंगाशी येऊन थबकली. वेणूंनी बोट दाखवलं. "नीज."

"नाय."

वेणूंची पेन्सिल हवेतच राहिली.

"उत्तरंला डोकं करून मढं निजवतात, बाय. माज्या बारकूला असाच निजवला व्हता. उशाशी मी बसले व्हते, आता तू बसतेस. येवढी शिकलीस ना तू? मी मेले नाय." आणि ती हंबरडा फोडून रडली.

"बोलली! बोलली!" राजाबाई बाहेर ओरडली. चिंतामणी धावत आला. "मानलं बुवा तुमच्या शास्त्राला!"

"शास्त्राला कसलं मानता?" वेणू फणकारल्या. "पलंग असा का लावला, ठाऊक आहे? वहीवर उजेड पडावा म्हणून." त्यांनी 'प्रतिकार'वर काट मारली. महामूर्खांच्या ढिगात आज एकीची भर पडली होती.

चिंतामणीला बाहेर ठेवून त्यांनी दार लावलं. दोघींनी मिळून पलंग फिरवला. पुतळी त्यावर बसली नाही, जमिनीवर टेकली. वेणूही समोर जमिनीवर बसल्या.

"कसा होता गं बारकू?"

"लय खोडसाल," पुतळी म्हणाली.