शिट्टी वाजली की हात वर

गाइडच्या गणवेशातल्या मुंगीनं दोरीचा शेवटचा वेढा दातांत धरून ओढला, गाठ मारली आणि बाकावर थाप मारून म्हणाली,

"बसा बाबा. मोडलं तर मी जबाबदार."

"आणि माझं कंबरडं मोडलं तर?" मामानं विचारलं.

"तर तू जबाबदार. घरून जरा कमी खाऊन यायचं."

बाक, टेबल, ताटं ठेवायची फळी, सगळं काठ्या एकमेकींना बांधून केलेलं. खिळा म्हणून नाही. मैदानभर तंबूच तंबू आणि प्रत्येक तंबूपुढे असंच एकेक दोरीचं घर. आजी बिनधास्त बसली. आई बसली. मामा अर्धा बाकावर आणि अर्धा स्वतःच्या पायांवर बसला. मुंगीचे बाबा मात्र उभेच राहिले. ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते, आणि आजच्या जेवणाची त्यांना सकाळपासून धास्ती होती.

स्काउट-गाइडच्या या मेळाव्यात आज पालकांचा दिवस होता. आज प्रत्येक तुकडी आपापल्या घरच्यांना स्वतः रांधून वाढणार होती, आणि मुंगीच्या तुकडीचा स्वयंपाक मुंगीकडे आला होता. गेला आठवडाभर फोनवर तिचं एकच पालुपद. "बाबा, खरं खरं सांगायचं हं. लाड नकोत."

खरं सांगायचं, हीच तर पंचाईत होती. हिवाळ्यातल्या तापात बाबांच्या तोंडाची चव गेली होती. वासही गेला. गूळ खा नाहीतर साबण खा, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आता ऊन तापायला लागलं तरी चव काही परतली नव्हती, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आचाऱ्याला चव कळत नाही म्हणजे ड्रायव्हरला दिसत नाही म्हणण्यासारखंच. कळलं की कॅन्टीनवाले हातात नारळ देणार. कॅन्टीनमध्ये ते पहिली वाटी हाताखालच्या बाईला देत आणि तिच्या तोंडाकडे बघत. सगळं कॅन्टीन तिच्या भुवयांवर चाललं होतं. घरी कुणी विचारलंच, तर ऐटीत सांगत, "हाताला अंदाज असला ना, की चव बघावी लागत नाही."

आजही चेहरेच वाचायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. आजीच्या पोटात काही राहत नाही आणि मामाच्या तर ओठावरही ठरत नाही. त्यांच्याकडे बघून निकाल द्यायचा, झालं.

पण येताना बसमध्ये ते खिडकीशी डुलक्या घेत होते, तेव्हा मागच्या सीटवर बायकोनं बाकीच्यांना दम भरला होता. "पोरगी पहिल्यांदा एवढ्यांचं रांधतेय. वाढेल ते गुमान खायचं. नाक मुरडलंत तर माझ्याशी गाठ आहे. यांच्या जिभेला मी काय आवर घालणार, पण तुम्ही तरी तोंडं नीट ठेवा."

भात शिजायला अजून अवकाश होता. समोरच्या तळ्यात मुलं डुंबत होती. एकाएकी जोरात शिट्टी वाजली. पाण्यातला सगळा कल्ला थांबला आणि दोघादोघांनी एकमेकांचे हात धरून वर केले.

"अगं बाई! काय झालं?" आजी घाबरली.

"काही नाही गं आजी. इथं पाण्यात एकट्यानं उतरायचंच नसतं, जोडी लागते. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मग आमच्या शिबिराच्या ताई मोजतात. कुणाचा हात रिकामा दिसला, की सगळ्यांना बाहेर काढतात."

"आणि जोडीदाराशी पटत नसेल तर?" मामानं विचारलं.

"तरी धरायचा."

"ऐकलंत का?" आई बाबांना म्हणाली.

मग ताटं आली. बटाटे-वाटाण्याचा रस्सा आणि वाफाळता भात. मुंगी पळी हातात धरून उभी राहिली. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे वर केले.

आजी चावत होती. "छान गं माझी बाई," ती म्हणाली.

मामानं मोठा घास कोंबला आणि जरा जास्तच जोरात "वा!" केलं. आई खाली मान घालून भात कालवत होती.

बाबांचा जीव भांड्यात पडला. "जमलंय," ते म्हणाले. "वाटाणा शिजलाय पण फुटला नाही. बटाटाही विरघळला नाही. मुंगे, जमलंय तुला."

मुंगीचे कान लाल झाले. बाबांच्या तोंडून असं काही ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती.

पाहुण्यांचं वाढून झाल्यावर तिनं आपलं ताट घेतलं आणि पहिला घास तोंडात घालून ती थांबली. तशीच उठून चुलीपाशी मैत्रिणीकडे गेली.

"मीठ तू घातलंस ना?"

"मी? मला वाटलं, तू घातलंस."

मुंगी परत आली आणि एकेकाकडे बघू लागली. आजीचं काय, तिनं माती वाढली असती तरी आजी छान म्हणाली असती. मामा आईला घाबरतो. पण बाबा? बाबा साहेबांच्या घरी पाहुणे म्हणून गेले होते आणि साहेबांसमोरच सूप अळणी आहे असं सांगून आले होते. मुंगीनं आयुष्यात पहिल्यांदा केलेला चहा त्यांनी एक घोट घेऊन परत पाठवला होता. तेच बाबा आता बोटानं ताट पुसून खात होते.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ जरा जास्तच झालं का हो?"

नेमका आजीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"किंचित," ते म्हणाले. "अगदी किंचित. पुढच्या वेळी हात आखडता घे."

मामाला ठसकाच लागला. "काय टोमणा मारता हो भाऊजी! अळणी आहे तर अळणी म्हणा की सरळ!"

"मेल्यांनो, मला वाटलं मला एकटीलाच लागतंय," आजी म्हणाली, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाबाही हसले, पण सगळ्यांच्या मागून. आई हसली नाही. घास हातात धरून ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं तो खाल्ला आणि मुंगीला म्हणाली, "आण जा मीठ. सगळ्यांना घाल."

निघताना आईनं पिशवी उचलली. "आम्ही पुढं होऊन बसमध्ये जागा धरतो. तुम्ही दोघं या सावकाश."

"अगं, अजून ड्रायव्हरच आला नाही," मामा म्हणाला. आईनं त्याचं कोपर धरून त्याला चालतं केलं.

मुंगी आणि बाबा तळ्याच्या काठानं निघाले. चालता चालता ती म्हणाली, "मी चव बघायला हवी होती. पण तुम्ही म्हणता ना, अंदाज असला की बघावी लागत नाही. म्हणून नाही बघितली."

बाबा थांबले. बायकोपासून, कॅन्टीनपासून लपवताना त्यांना कधी एवढी लाज वाटली नव्हती.

"ते खोटं होतं, मुंगे."

"कधीपासून कळत नाही?"

"तापापासून." ते कुंपणाच्या दोरीची गाठ उगीचच चाचपत राहिले. "येईल म्हणालेत. पण नाही आली तर? दुसरं काय येतं गं मला?"

मुंगीला रडू येत होतं. तिनं गळ्यातल्या स्कार्फला डोळे पुसले.

"सुट्टी लागतेच आहे. मी येते कॅन्टीनमध्ये. रांधायचं तुम्ही, चव मी बघेन."

"आणि सुट्टी संपल्यावर?"

"मग आई आहे. तिला कळलंय."

"कशावरून?"

"ती हसली नाही."

बाबा काही बोलणार, तेवढ्यात शिट्टी वाजली. पाण्यातली मुलं जागच्या जागी थांबली आणि हात वर झाले. मुंगीनं बाबांचा हात धरला आणि वर केला.

"अगं, आपण कुठं पाण्यात आहोत? लोक बघतायत."

"असू दे. खाली नाही घ्यायचा."

बाबांनी हात खाली घेतला नाही. पलीकडच्या काठावरून ताई बोट फिरवत जोड्या मोजत होत्या. त्यांचं बोट या दोघांपाशी आलं, जरासं थांबलं, आणि पुढं गेलं.