भिंतीवरची वायर

तातेरावांनी एका बोटाने 'पिंग' टाइप केलं, पुढे धाकट्या भावाच्या, कारभारीच्या, कम्प्युटरचा आकडा घातला आणि एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर पुन्हा तीच इंग्रजी ओळ उमटली. पलीकडून उत्तर नाही.

"आज लई येळ चाललंय," गोजरबाई दारातून म्हणाल्या.

"वायर पाहून राह्यलो."

"वायर भिंतीवर हाये. तुम्ही टीव्हीत पाहून राह्यले."

परतूरच्या या घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत आली. तिच्यावरून दोघा भावांच्या पोरांनी गेम खेळायला वायर टाकली आणि नोकरीला पुण्याला निघून गेली. जाताना तातेरावांच्या धर्मराजने वडिलांना हे पिंग शिकवलं : पलीकडचं मशीन चालू असलं की उत्तर येतं. पुढे कारभारीच्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा तातेरावांच्या आधी व्याह्याच्या मेहुण्याला बांधला गेला आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. वायर मात्र राहिली. ती काढायची तर भिंतीवर चढावं लागलं असतं, आणि चढलेला माणूस पलीकडे डोकावतोच.

रोज सकाळी कारभारी कापसाचे भाव पाहायला मशीन लावून बसे. उत्तर आलं की तातेराव आपलं मशीन बंद करून चहा मागत. या कामाला ते देखभाल म्हणत.

परवा कारभारीच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून त्याला जालन्याला नेलं तेव्हा तातेराव खिडकीचा गज धरून उभे होते. काल अंधार पडता पडता जीप परत आली. कोण कसं उतरलं, ते खिडकीतून दिसलं नाही.

त्यांनी वायरीचं टोक काढलं, फुंकलं, धोतराला पुसून पुन्हा खोचलं. उत्तर नाही.

"तिकडचं मशीन बंद असंल," ते पडद्याला म्हणाले.

"भावजी कसे हायेत ते विचारायचं असंल तर नीट विचारा."

"मी मशीनचं बोलून राह्यलो."

"मंग मशीनलाच विचारा."

वरणाची वाटी पदराखाली धरून गोजरबाई गल्लीतून पलीकडे जावेकडे, द्वारकाबाईकडे, गेल्या. बायकांच्या वाट्या कधीच बंद झाल्या नव्हत्या; त्यांना कुणी फेटा बांधत नाही.

तातेराव एंटर दाबत राहिले. एकदा बोट दुसऱ्याच बटणावर पडलं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला, मग परत काढला.

गोजरबाई आल्या तेव्हा वाटीत शेंगदाण्याचा लाडू होता.

"डॉक्टरनं पडून राहा म्हनलं, तरी सकाळधरनं मशीनम्होरं बसलेत. द्वारकाबाई वरडून राह्यली, बिलकुल ऐकत न्हाईत."

"भाव पाहत असंल."

"कशाचे भाव? मला इंग्रजी येत न्हाई," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "पण तिकडं बी हेच हाये. एकाखाली एक. अश्शाच ओळी."

तातेराव उठले. त्यांनी परसातली शिडी भिंतीला लावली आणि चढले. वर वायर उंदरांनी कुरतडून टाकली होती.

पलीकडे अंगणात कारभारी, शाल पांघरलेला, आपली शिडी ओढत भिंतीकडे येत होता.

"चढू नको," तातेराव म्हणाले.

कारभारी शिडीला धरून थांबला. त्याला दम लागला होता.

"वायर पाह्यला आल्तो, दादा."

"मी बी."