सल्हामावशीच्या तोंडात ब्रीक

ओल्फा फायनल जिंकली. आता हे मी बोललोच नाही असं समजा आणि चेहऱ्यावर काळजी आणून पुढे वाचा.

ओल्फा माझी मावसबहीण. व्यावसायिक टेनिसमध्ये तिची निम्मी जवानी गेली, पण एकेरीचं एकही विजेतेपद नाही. ‘या वेळी आपल्या गावी, महदियात जिंकले नाही, तर रॅकेट माळ्यावर,’ असं तिने घरी जाहीर केलं होतं. स्पर्धा नेमकी रमजानात आली. ओल्फाने रोजे पुढे ढकलले. तिच्या आईचा, म्हणजे सल्हामावशीचा, रोजा मात्र कडक होता आणि आवाज त्याहून कडक.

फायनल लांबली. तिसऱ्या सेटला सूर्य गच्च्यांना टेकायला आला, तरी पूर्वेकडच्या स्टँडमधून कुणी उठेना. सगळ्यांनी इफ्तार सोबतच आणला होता. डबे मांडीवर, कान रोजा सोडायची खूण देणाऱ्या किल्ल्यावरच्या तोफेकडे, डोळे कोर्टावर.

ओल्फाला मॅच पॉइंट मिळाला. तिने चेंडू वर उडवला.

"कोपर वर, पोरी!" मावशी गरजली.

चेंडू जाळीत. दुसरी सर्व्हिस.

"आता तरी वर!"

तीही जाळीत.

पंच पोर्तुगीज होता. त्याने मावशीकडे बघून शांततेची विनंती केली. मावशीने मला विचारलं, "काय म्हणतो तो?"

"गप्प बसा म्हणतो."

"त्याला सांग, जन्म मी दिलाय."

दुसरा मॅच पॉइंट. पुन्हा कोपर, पुन्हा जाळी. पलीकडे स्लोव्हाकियाची पेट्रोनेला निवांत उभी होती. तिला फक्त मावशीचा घसा टिकायला हवा होता.

"मावशी, पाया पडतो, गप्प बस," मी म्हणालो.

"तुला टेनिसमधलं काय कळतं?"

"तुला काय कळतं?"

"कोपर!"

तिसरा मॅच पॉइंट. ओल्फा चेंडू आपटत होती, मावशी छातीत श्वास भरत होती. तेवढ्यात धडाम्!

सगळ्या स्टँडने ‘बिस्मिल्ला’ म्हणून तोंडात खजूर टाकला. रेषेवरच्या पंचांनीसुद्धा. मावशीने तर थेट ब्रीक, म्हणजे अंडं भरून तळलेली पातळ पारी, उचललं, अख्खं. आतलं अर्धकच्चं अंडं हनुवटीवरून ओघळू नये म्हणून तिला दोन्ही हात आणि ओठ बंद ठेवणं भाग पडलं.

कोर्टावर जन्मात नव्हती अशी शांतता पसरली. ओल्फा घाबरली. आईला चक्कर आली की काय, म्हणून तिने वळून पाहिलं. आई चावत होती. ओल्फा हसली, चेंडू उडवला, कोपर जिथे असायला हवं तिथे आपोआप गेलं. सर्व्हिस कोपऱ्यात पडली, पेट्रोनेलाची रॅकेट हवेत फिरली आणि रेषेवरच्या बाईने तोंड भरलेलं असल्यामुळे फक्त हात खाली करून ‘आत’ असं दाखवलं.

मग आम्ही ओरडलो, नाचलो, दुसऱ्यांच्या डब्यातलंही खाल्लं. ओल्फा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. दोघींना अंडं लागलं.

आणि किल्ल्यावरून तोफ झाली.

मावशी चावायची थांबली. "हे काय?"

"तोफ."

"मग मघाशी?"

मी बोट दाखवलं. प्रायोजकांचा खोलीएवढा पिवळा फुगा फुटून कुंपणावर कातड्यासारखा लोंबत होता.

रात्रीच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी निकाल दिला: चुकून सोडला तरी रोजा सुटलाच, रमजाननंतर भरून द्यावा. अख्ख्या स्टँडने मान डोलावली. मावशीने नाही. ओल्फाने चषकातून सूप पीत सुचवलं, "आई, माझेही रोजे राहिलेत, आपण बरोबरच करू की."

"तू कर. माझी चूक नाही," मावशी म्हणाली आणि मला लिहायला बसवलं:

‘मा. मुफ्तीसाहेब यांच्या सेवेशी.
विषय: सूर्यास्त मागील तारखेने अलीकडे घेण्याबाबत.
महोदय, फायनलच्या दिवशीचा सूर्यास्त, केवळ पूर्वेकडच्या स्टँडपुरता, फुगा फुटला त्या क्षणी झाला असे धरण्यात यावे. सूर्याची हरकत असल्यास त्याने कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहून ती नोंदवावी, ही नम्र विनंती.’