अकरा कोटांचे फरमे

मास्तरांच्या शिवणीला नाव ठेवायला जागा नव्हती. कुणाची ढेरी सुटलेली असो की कुणाचा एक खांदा पडलेला, मास्तरांचा कोट अंगावर चढला की माणूस कसा सरळसोट दिसायचा. "अंगातली खोड झाकायची, चौकशी करायची नाही," असं ते ऐटीत सांगायचे. चांगलं वाटायचं ऐकायला.

बायकोला दर थंडीत नवा कोट. कापड उरलंसुरलं, पण फरमा मात्र नवा. जुन्या फरम्यावर कोट बेतणं म्हणजे मास्तरांच्या लेखी शुद्ध आळशीपणा. नवं माप, नवा खाकी कागद, कोपऱ्यात वर्ष, आणि गुंडाळी फळीवर.

अकरा वर्षांपूर्वी कोट घालून बघताना ती म्हणाली होती, "अहो, डावीकडे गळ्याशी काचतंय. आत ठणकतंही." मास्तरांनी टेप लावली. डावी बाजू पाव इंच जास्त.

"ठणकेल नाहीतर काय? खाल्लेलं सगळं खांद्यात साठवतेस तू."

ती हसली. मास्तरांनी शिवण उसवून ढिली केली, काचायचं थांबलं आणि विषय मिटला. पुढच्या थंडीत तीच तक्रार आणि तोच विनोद. तिसऱ्या थंडीत ती काही बोललीच नाही. मास्तरांना वाटलं, बरं झालं, खांदा जमला एकदाचा.

मग गेल्या वर्षी तिचा डावा हात वर जाईना. एका डॉक्टरने खांदा आखडलाय म्हणून शेक द्यायला सांगितलं. तळहातांवर पिवळ्या पुळ्या होत्या, तर दुसरा म्हणाला साबण बदला. गळ्याखालचं हाड टणक फुगलं तेव्हा कॅन्सरचं नाव निघालं आणि नवराबायकोच्या तोंडचं पाणी पळालं. हाडाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, जंतूही नव्हते, तरी महिनाभर अँटिबायोटिक्स चालली होती. शेवटी सांधेवाताच्या एका डॉक्टरबाईंनी तिचे तळहात आणि ते हाड एकाच वेळी नीट पाहिलं, सगळ्या अंगाचा स्कॅन केला, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे म्हणाल्या. जंतूंशिवायच हाडाला सूज येते. फार थोड्या लोकांना होतं, म्हणून चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

बायकोने एकच विचारलं. "माझे केस मला विंचरता येतील ना? हे विंचरतात तेव्हा टाळू सोलून निघते."

बाई हसल्या. "दुखणं किती जुनं आहे, त्यावर आहे. कधीपासून फुगलंय हे?"

"आठवत नाही बाई," ती म्हणाली.

मास्तरांना आठवत होतं. दुकानात जाऊन त्यांनी फळीवरची गुंडाळी काढली आणि अकराच्या अकरा कागद एकावर एक ठेवले. उजव्या कडा तंतोतंत जुळल्या. डावी कड दर वर्षी थोडी थोडी बाहेर सरकत गेली होती. कागद फाडून टाकावेत असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"मास्तर, इतकी चोख नोंद कुणी आणून देत नाही हो," बाई कौतुकाने म्हणाल्या. बोटाने त्या डावी कड मोजत गेल्या आणि त्यांचा आवाज उतरला. "पहिल्या दोन-तीन वर्षांत औषध मिळालं असतं, तर हात वाचला असता. आता गळ्याखालचं हाड छातीच्या हाडाशी जुळून गेलंय. सूज उतरवू आपण. जुळलेलं मात्र सुटत नाही."

बायकोने मान हलवली. मास्तरांकडे तिने पाहिलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. हाडाचं औषध सलाईनमधून तीन वेळा दिलं. पुळ्या सुकल्या, ती कुशीवर झोपू लागली. केस मास्तरच विंचरत राहिले, आता जरा हलक्या हाताने.

थंडी आली. मास्तरांनी नवा कागद पसरला आणि तिला आरशासमोर उभं केलं.

"हात वर कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मास्तरांनी टेप लावली, पण आकडा काही वाचता येईना. टेप तशीच धरून त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. तिने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"आता नाही दुखत हो," ती म्हणाली.